गर्भारपणातील ‘ग्रुप बी स्ट्रेप’ची तपासणी: छत्तिसाव्या आठवड्यातील स्वॅबपासून बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

गर्भारपणात होणाऱ्या बहुतेक तपासण्यांचा उपयोग अहवाल हाती आल्याबरोबर सुरू होतो. हिमोग्लोबिन कमी निघाले की लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात, साखर वाढलेली दिसली की आहार बदलतो. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, म्हणजेच जीबीएस या जिवाणूसाठी केलेली स्वॅबची, म्हणजे काडी फिरवून घेतलेल्या नमुन्याची, तपासणी याला अपवाद आहे. तिचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला तरी त्या दिवशी कोणतेही औषध दिले जात नाही. उपचार होतो तो कळा सुरू झाल्यावर, कदाचित दोन-चार आठवड्यांनी, कदाचित मध्यरात्री, आणि पुष्कळदा तपासणी लिहून देणारे डॉक्टर ड्यूटीवर नसताना. त्यामुळे तपासणी वेळेवर होणे, तिचा अहवाल प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचणे आणि शिरेतून औषध वेळेत सुरू होणे, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच बाळाला संरक्षण मिळते. या तिन्ही ठिकाणी गर्भवतीला आणि तिच्या घरच्यांना काय करता येते, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी हा जिवाणू समजून घेऊ

जीबीएस हा मोठ्या माणसांच्या आतड्यात सहजपणे राहणारा जिवाणू आहे. स्त्रियांमध्ये तो तिथून योनिमार्गात येतो. साधारण १० ते ३० टक्के गर्भवतींच्या योनिमार्गात किंवा गुदमार्गात तो आढळतो आणि त्यांपैकी बहुतेकींना त्याचा काहीच त्रास होत नाही. खाज नाही, अंगावरून जाणे नाही, ताप नाही. तो अस्वच्छतेमुळे येत नाही आणि त्याला लैंगिक संबंधातून होणारा आजारही मानले जात नाही. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण ‘जिवाणू सापडला’ एवढेच वाचून अनेक स्त्रिया स्वतःला दोष देत बसतात आणि काही घरांत नको ते प्रश्न विचारले जातात. शरीरात इतर असंख्य जिवाणू असतात तसाच हाही एक. तो आज असेल, दोन महिन्यांनी नसेल आणि पुन्हा येईल.

नावातले ‘बी’ हे अक्षर रेबेका लान्सफिल्ड या शास्त्रज्ञ महिलेने १९३३ मध्ये केलेल्या वर्गीकरणातून आले आहे. घसा धरणारा, घशात पू करणारा स्ट्रेप्टोकोकस ‘ए’ गटातला असतो, आणि त्याचा या तपासणीशी संबंध नाही. अहवालावर कधी जीबीएस लिहिलेले असते, तर कधी ‘स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टी’. दोन्हींचा अर्थ एकच.

आईला निरुपद्रवी असलेला हा जिवाणू बाळासाठी धोकादायक ठरतो तो जन्माच्या सुमारास. कळा सुरू झाल्यावर किंवा पाणमोट फुटल्यावर तो वर चढतो, बाळाच्या तोंडा-नाकावाटे आत जातो आणि काही बाळांच्या फुप्फुसांत, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात संसर्ग करतो. कोणताही प्रतिबंध केला नाही, तर जीबीएस असलेल्या आईकडून सुमारे निम्म्या बाळांच्या अंगावर हा जिवाणू येतो, आणि अशा बाळांपैकी १ ते २ टक्के बाळे पहिल्या आठवड्यातच आजारी पडतात. हा आकडा लहान वाटतो. पण आजारी पडणारी बहुतेक बाळे जन्मानंतर पहिल्या २४ ते ४८ तासांतच आजारी पडतात आणि त्यांची प्रकृती काही तासांत गंभीर होऊ शकते. उलट कळा चालू असताना आईला शिरेतून योग्य प्रतिजैविक मिळाले, तर जीबीएस असलेल्या आईच्या बाळाला हा आजार होण्याची शक्यता सुमारे २०० त एकवरून ४००० त एकपर्यंत खाली येते. अमेरिकेत १९९० च्या सुमारास दर हजार जिवंत जन्मांमागे १.८ बाळांना हा लवकरचा आजार होत असे. कळांच्या काळातील प्रतिजैविक आणि सरसकट तपासणी रुळल्यानंतर, २०१५ पर्यंत, हे प्रमाण ०.२३ वर आले.

सर्व देशांत सर्व गर्भवतींची ही तपासणी होत नाही. अमेरिकेत २००२ पासून ती सर्वांसाठी आहे. ब्रिटनमध्ये सरसकट तपासणीऐवजी जोखमीची लक्षणे पाहून औषध देण्याची पद्धत आहे. म्हणून आपल्या रुग्णालयाची पद्धत कोणती, हा प्रश्न सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवावा. तपासणी तिथे नेहमीची नसेल, तरी ती करून घेता येईल का, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

सुरुवात लघवीच्या कल्चरपासून

स्वॅबची वेळ शेवटच्या महिन्यात येते, पण जिवाणूंचा शोध त्याच्या खूप आधी सुरू होतो. पहिल्या भेटीच्या वेळी, किंवा १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान, लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, केले जाते. काहीही त्रास नसताना लघवीत जिवाणू वाढलेले असणे गर्भारपणात अजिबात दुर्मीळ नाही, आणि उपचार न केल्यास तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊन अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची भीती वाढते. नमुना देताना लघवीची पहिली धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, आणि डबीच्या आतल्या बाजूस बोट लागू देऊ नये. नाहीतर त्वचेवरचेच जिवाणू अहवालात उतरतात.

या कल्चरमध्ये जीबीएस सापडला, तर त्याचे महत्त्व वेगळे आहे. लघवीत तो उतरला याचा अर्थ शरीरात त्याची संख्या भरपूर आहे. अशा स्त्रीला पुढे छत्तिसाव्या आठवड्यात स्वॅबची गरज राहत नाही. तिला कळांच्या वेळी प्रतिजैविक द्यायचेच, हे त्याच दिवशी ठरते. लघवीतील जिवाणूंचे प्रमाण जास्त असेल, म्हणजे प्रति मिलिलिटर एक लाख किंवा अधिक, तर त्या वेळीही गोळ्यांचा कोर्स दिला जातो, पण त्या कोर्समुळे प्रसूतीच्या वेळचे औषध टळत नाही. नेमका इथेच गोंधळ होतो. पाचव्या महिन्यात गोळ्या घेतल्या, नंतरचे कल्चर स्वच्छ आले, आता विषय संपला, असे समजून ती नोंद फाइलच्या तळाशी जाते. ती वर राहिली पाहिजे.

आधीच्या एखाद्या बाळाला जीबीएसचा आजार झालेला असेल, तर त्या आईलाही स्वॅबशिवाय थेट कळांच्या वेळी औषध दिले जाते. हा इतिहास पहिल्याच भेटीत, न विचारताही सांगावा.

याच पहिल्या भेटीत सिफिलिससाठी रक्ताची तपासणीही होते, आणि वय वा परिस्थितीनुसार क्लॅमिडिया व गोनोरिया यांच्या तपासण्या केल्या जातात. त्यांचे उपचार लगेच करायचे असतात, प्रसूतीची वाट पाहायची नसते. त्यामुळे या लेखात त्यांचा एवढाच उल्लेख पुरे.

स्वॅब कधी आणि कसा

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सांगितलेली वेळ ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे ६ दिवसांपर्यंतची आहे. याचे कारण असे की जीबीएस येत-जात राहतो आणि नमुन्याचा निकाल सुमारे पाच आठवडेच भरवशाचा मानला जातो. छत्तिसाव्या आठवड्यात स्वॅब घेतला, तर तो एक्केचाळिसाव्या आठवड्यापर्यंत पुरतो. तिसाव्या आठवड्यात घेतलेला नमुना प्रसूतीच्या वेळी काय असेल ते सांगू शकत नाही. दिवस उलटून गेले आणि स्वॅबला पाच आठवडे होऊन गेले असतील, तर तो पुन्हा घेण्याविषयी विचारावे. जुळी बाळे असतील किंवा लवकर प्रसूतीची शक्यता असेल, तर डॉक्टर वेळ बदलतात.

त्या दिवशी विशेष तयारी लागत नाही. नेहमीसारखी आंघोळ पुरेशी आहे. योनिमार्ग आतून धुऊ नये, कोणतेही क्रीम लावू नये. गेल्या काही दिवसांत कोणत्याही कारणासाठी प्रतिजैविक घेतले असेल, तर ते नावासकट सांगावे, कारण त्यामुळे जिवाणू तात्पुरता दबून निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

नमुना घेण्याची क्रिया मिनिटभराची आहे. लांब काडीच्या टोकाला मऊ कापसासारखे तंतू असतात. ती काडी आधी योनिमार्गाच्या तोंडाशी, सुमारे दोन सेंटिमीटर आत नेऊन हलकेच फिरवतात, आणि मग तीच काडी, किंवा दुसरी, गुदद्वारातून सुमारे एक सेंटिमीटर आत फिरवतात. योनिमार्ग उघडून पाहण्याचे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे उपकरण यासाठी लागत नाही आणि गर्भाशयाच्या मुखापर्यंत जायचेही नसते. दुखत नाही, थोडे अवघडल्यासारखे वाटते. गुदद्वाराचा नमुना अनेकींना नकोसा वाटतो आणि कधीकधी संकोचापोटी तो टाळलाही जातो. पण जीबीएसचे मूळ घर आतड्यात असल्याने फक्त योनिमार्गाचा नमुना घेतला, तर बऱ्याच पॉझिटिव्ह स्त्रिया निसटतात. ‘दोन्ही ठिकाणचा नमुना घेतला ना?’ हे विचारणे हा आपला हक्क आहे.

संकोच फारच वाटत असेल, तर नीट समजावून सांगितल्यावर स्त्रीला हा नमुना स्वतःच घेता येतो, आणि त्याचा निकालही तितकाच चांगला येतो. मात्र क्रम पाळावा: आधी पुढचा भाग, नंतर मागचा. मागे लावलेली काडी पुन्हा पुढे आणू नये. त्यानंतर काडी ताबडतोब सोबतच्या नळीत घालून झाकण घट्ट लावावे. त्या नळीत जिवाणू जिवंत ठेवणारे माध्यम असते; कोरडी काडी तासन्‌तास तशीच राहिली, तर जिवाणू मरतो आणि अहवाल फसवा येतो.

पाठवताना चिठ्ठीवर दोन गोष्टी असल्या पाहिजेत. एक, हा नमुना गर्भवतीचा असून जीबीएससाठी आहे; नेहमीच्या स्वॅबसारखा तो हाताळला, तर जीबीएस निसटू शकतो. दोन, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तसा स्पष्ट उल्लेख. तो नसेल, तर प्रयोगशाळा पर्यायी औषधांची चाचणी करत नाही, आणि ऐन वेळी कोणते औषध चालेल हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत दोन-तीन दिवस का लागतात

योनिमार्ग आणि गुदमार्ग ही दोन्ही ठिकाणे जिवाणूंनी गजबजलेली असतात, त्या गर्दीत जीबीएस शोधायचा असतो. म्हणून काडी आधी एका खास द्रव माध्यमात ठेवतात, ज्यात इतर जिवाणूंना रोखणारी प्रतिजैविके मिसळलेली असतात. शरीराइतक्या तापमानाला १८ ते २४ तास ठेवल्यावर जीबीएसची संख्या वाढते. मग त्यातला थेंब रक्त मिसळलेल्या लालसर थाळीवर पसरवतात. दुसऱ्या दिवशी तिथे राखाडी पांढरट, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उगवतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून फिकट झालेले अरुंद, अंधुक वलय दिसते. ओळख पटवण्याची एक जुनी चाचणी अशी की, दुसऱ्या एका जिवाणूच्या रेघेजवळ काटकोनात जीबीएसची रेघ ओढली, तर दोन्ही जवळ येतात तिथे बाणाच्या टोकासारखा स्वच्छ त्रिकोण उमटतो. ही वाढ घाईने होत नाही. काही ठिकाणी द्रव माध्यमातल्या वाढीवरून जनुकीय पद्धतीने निकाल दिला जातो, तो थोडा लवकर मिळतो.

अहवाल हातात आल्यावर

निगेटिव्ह असेल, तर जीबीएससाठी औषध लागत नाही. पॉझिटिव्ह असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे आत्ता गोळ्या मागू नयेत. गर्भारपणात गोळ्या घेतल्या तरी जिवाणू काही दिवसांनी आतड्यातून पुन्हा योनिमार्गात येतो, आणि प्रसूतीच्या दिवशी तो तिथे असतोच. योनिमार्गात औषधी द्रावणाने धुणे किंवा घरगुती पदार्थ आत ठेवणे यांनी बाळाचा आजार टळत नाही, उलट इजा होऊ शकते.

त्याऐवजी हे करावे. अहवालाची प्रत फाइलच्या पहिल्या पानावर लावावी आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. फाइलच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘जीबीएस पॉझिटिव्ह, कळांच्या वेळी शिरेतून प्रतिजैविक’ असे लिहून घ्यावे, आणि ॲलर्जी असल्यास तीही त्याखाली. प्रसूतीच्या वेळी सोबत कोण असणार, त्या व्यक्तीला हे वाक्य तोंडपाठ असावे. कळांमध्ये असलेल्या स्त्रीने सगळे आठवून सांगावे, ही अपेक्षा चुकीची आहे. दुसऱ्या गावी प्रसूतीला जायचे असेल, तर तिथल्या रुग्णालयाला आधीच कळवावे. माझ्या मते या सगळ्या तपासणीतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे: नमुना उत्तम घेतलेला, कल्चर उत्तम झालेले, आणि अहवाल मात्र कपाटात राहिलेला.

पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा विषयही याच आठवड्यांत निकाली काढावा. लहानपणी कधीतरी पुरळ आले होते, एवढ्यावरून अनेकींच्या नावापुढे आयुष्यभर ‘ॲलर्जी’ लिहिलेले असते, आणि तपासून पाहिल्यास त्यांतल्या बहुतेकींना ती नसते. औषधानंतर काही मिनिटांत किंवा तासांत गांधी उठणे, ओठ वा चेहरा सुजणे, दम लागणे, रक्तदाब घसरणे ही गंभीर ॲलर्जीची लक्षणे आहेत. नेमके काय, कोणत्या औषधाने आणि किती वेळात झाले होते, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून डॉक्टरांना सांगावे. गर्भारपणातही पेनिसिलिनची त्वचेवरची ॲलर्जी चाचणी सुरक्षित मानली जाते.

कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यावर काही तास घरीच थांबण्याचा सल्ला मिळतो. जीबीएस असेल, तर तसे थांबू नये. नियमित कळा सुरू होताच किंवा पाणमोट फुटताच, कळा नसल्या तरी, रुग्णालयात निघावे आणि दारातच सांगावे: ‘जीबीएस पॉझिटिव्ह आहे.’

पसंतीचे औषध पेनिसिलिन. शिरेतून पहिला डोस ५० लाख युनिटचा आणि त्यानंतर प्रसूती होईपर्यंत दर चार तासांनी २५ ते ३० लाख युनिट, अशी त्याची रूढ मात्रा आहे. पेनिसिलिन नसेल तर ॲम्पिसिलिन दिले जाते, पहिला डोस २ ग्रॅम आणि मग दर चार तासांनी १ ग्रॅम. सौम्य ॲलर्जी असेल तर सेफाझोलिन वापरतात. गंभीर ॲलर्जी असेल आणि अहवालात जिवाणू क्लिंडामायसिनला दाद देतो असे असेल तर ते, नाहीतर व्हँकोमायसिन. ही निवड डॉक्टरांची. आपण फक्त संवेदनशीलतेचा, म्हणजे जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो याचा, अहवाल त्यांच्या हाती द्यायचा.

पहिला डोस आणि बाळाचा जन्म यांत किमान चार तासांचे अंतर असावे, हे उद्दिष्ट असते. तेवढ्या वेळात औषध वारेतून बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात पुरेसे उतरते आणि योनिमार्गातील जिवाणूंची संख्याही घटते. बाळंतपण झपाट्याने पुढे सरकत असेल आणि चार तास मिळणार नसतील, तरी औषध सुरू करावे. दोन तासांनीही फरक पडतो. मात्र चार तास भरावेत म्हणून आवश्यक असलेली कोणतीही वैद्यकीय कृती लांबवली जात नाही. पहिल्या डोसची वेळ सोबतच्या व्यक्तीने लिहून ठेवावी, कारण बालरोगतज्ज्ञ नंतर नेमके तेच विचारतात.

अहवालच नसेल तर? तपासणी झाली नाही किंवा निकाल आला नाही, अशा वेळी ३७ आठवड्यांआधी कळा सुरू होणे, पाणमोट फुटून १८ तास होणे किंवा आईला ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप असणे, यांपैकी एकही गोष्ट असली तर औषध दिले जाते. आधीच्या गर्भारपणात जीबीएस आढळला होता, तर तेही सांगावे. म्हणून पाणी गेल्याची वेळ घड्याळात बघून लिहावी. ‘सकाळी कधीतरी’ या उत्तरावरून १८ तास मोजता येत नाहीत.

सिझेरियन आधीच ठरलेले असेल, कळा सुरू झालेल्या नसतील आणि पाणमोट शाबूत असेल, तर जीबीएससाठी वेगळे औषध लागत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचे नेहमीचे प्रतिजैविक तेवढे दिले जाते. तरीही स्वॅब करून ठेवावा, कारण ठरलेल्या तारखेआधीच पाणी गेले तर त्याची गरज पडते.

बाळ झाल्यावर

आईला पुरेसे औषध मिळाले असेल आणि बाळ ठणठणीत असेल, तर त्याला नेहमीसारखे आईजवळ ठेवतात. औषध वेळेत मिळाले नसेल, तर बाळावर ३६ ते ४८ तास बारकाईने लक्ष ठेवले जाते, गरजेनुसार रक्ताची तपासणी होते. घरी जाण्याची घाई अशा वेळी करू नये. स्तनपान लगेच सुरू करावे. जीबीएस असणे किंवा प्रतिजैविक घेतलेले असणे, हे दूध न पाजण्याचे कारण नाही.

बाळाचा श्वास मोजायला शिकून घ्यावे. बाळ शांत असताना अंगावरचे कापड बाजूला करावे, पोटाकडे पाहावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येते ते मोजावे. मिनिटाला ६० पेक्षा अधिक श्वास, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज, नाकपुड्या फुलणे, फासळ्यांखाली छाती आत ओढली जाणे, दूध ओढेनासे होणे, उठवूनही न उठणे, अंग सैल पडणे, ताप येणे किंवा अंग गार लागणे, ओठ निळसर दिसणे, झटके येणे, किंचाळल्यासारखे एकसुरी रडणे, टाळू फुगलेली लागणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता बाळाला रुग्णालयात न्यावे. लहान बाळात संसर्ग असूनही ताप नसू शकतो; ‘अंग गरम नाही, म्हणजे ठीक आहे’ हे इथे खरे नाही.

कळांच्या वेळचे औषध पहिल्या आठवड्यातील आजार टाळते. सातव्या दिवसापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत होणारा उशिराचा जीबीएस आजार त्याने टळत नाही, आणि त्यात मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचे प्रमाण अधिक असते. आईचा अहवाल निगेटिव्ह होता, तरीही तो होऊ शकतो. त्यामुळे वरची लक्षणे तीन महिने लक्षात ठेवावीत, बाळाला उचलण्यापूर्वी सर्वांनी हात साबणाने धुवावेत, आणि बाळाला तपासायला नेताना आईचा जीबीएसचा अहवाल व कळांच्या वेळी दिलेल्या औषधाची नोंद सोबत न्यावी.

रुग्णालयातून निघताना मिळणाऱ्या कार्डावर तीन नोंदी करून घ्याव्यात: जीबीएसचा निकाल, कोणते औषध किती वाजता सुरू झाले, आणि बाळाला संसर्ग झाला होता की नाही. पुढच्या गर्भारपणात पहिल्या भेटीला हेच कार्ड डॉक्टरांना दाखवायचे आहे.